सोळा फुटांची खोली

मागच्या दिवाळीत घरी गेले तेव्हा अण्णांनी एक हिशोब मांडून मागितला. सिन्नरजवळच्या आमच्या रानात पाच हजार पक्ष्यांचं शेड आहे. उघडं शेड. म्हणजे लांबीच्या दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढी भिंत, तिच्यावर जाळी, जाळीवर खालून वर ओढायचे पडदे आणि माथ्यावर पत्रे. ते मोडून त्याच जागी ईसी शेड उभारायचं का, असा प्रश्न होता. ईसी शेड चहूबाजूंनी बंद असतं. एका टोकाला पाण्याने भिजत राहणारे जाड पुठ्ठ्याचे पॅड, दुसऱ्या टोकाला छातीएवढे पंखे, आणि तापमान बघून ते पंखे चालू-बंद करणारा एक कंट्रोलर. ज्या कंपनीसाठी आम्ही पक्षी वाढवतो तिचा सुपरवायझर दोन वर्षं त्यासाठी मागे लागलाय. बँकेचा माणूसही येऊन गेला होता. "तू इंजिनीअर, तूच सांग," अण्णा म्हणाले.

एक्सेल शीट दोन तासांत झाली. कर्ज, हप्ता, वीज, डिझेल, वर्षाकाठी किती बॅच. अडले ते एकाच रकान्यात. मरतूक. उघड्या शेडच्या मरतुकीचा सरासरी आकडा टाकला की एप्रिल २०१९ मधली एक दुपार त्या सरासरीत विरघळून जाते. ती तशी विरघळू देणं मला जमेना.

मी तेव्हा इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते आणि परीक्षेच्या अभ्यासाला घरी आले होते. पक्षी छत्तीस दिवसांचे झाले होते, दोन दिवसांनी गाडी येणार होती. दुपारी दीडला लाइट गेली आणि फॉगर बंद पडले. वारा नव्हताच. कोंबडीला घाम येत नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायला तिच्याकडे धापा टाकणं आणि पंख अंगापासून दूर धरणं एवढंच असतं. पाच हजार पक्षी एकदम चोच उघडून धापा टाकायला लागले की त्याचा एक आवाज होतो, दूरवर गिरणी चालल्यासारखा. आम्ही तिघं पाण्याचे पाइप घेऊन आत फिरत होतो. बसलेल्या पक्ष्याला पायाने हलवून उठवायचं, त्याच्या पोटाखालची गरम हवा मोकळी करायची, पुढच्याकडे जायचं. पाच वाजेपर्यंत सहाशे चाळीस मेले. त्यांतले बहुतेक मोठे होते, चांगले वाढलेले. बारके, मागे पडलेले पक्षी वाचले. खड्डा खणून, चुना टाकून पुरताना आई एकदाच म्हणाली, "बघ, जे भरले तेच गेले."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. शीट अर्धवट ठेवून मी कोंबडीच्या घराचा इतिहास वाचायला लागले, तो त्यामुळे.

*

ब्रॉयलरचं घर म्हणून ज्याची नोंद आहे असं सगळ्यात जुनं शेड अमेरिकेच्या डेलावेअर राज्यात आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर डेल्मार्व्हा नावाचं द्वीपकल्प आहे. डेलावेअर, मेरीलँड आणि व्हर्जिनिया या तीन राज्यांच्या नावांचे तुकडे जोडून त्याला हे नाव पडलं. तिथल्या ओशन व्ह्यू या गावात सेसिल स्टील नावाची बाई राहायची. नवरा समुद्रकिनाऱ्यावरच्या बचाव दलात नोकरीला. ती अंड्यांसाठी थोड्या कोंबड्या पाळायची. तेव्हा तिकडेही कोंबड्या हा बायकांचा व्याप होता आणि अंड्यांचे पैसे बायकांचे. आमच्या आजीच्या खुराड्याचा कायदाही अगदी हाच होता.

१९२३ साली तिने हॅचरीकडे पन्नास पिल्लं मागवली आणि चुकून पाचशे आली. परत पाठवण्याऐवजी तिने ती ठेवून घेतली. सुरुवातीला पियानोच्या रिकाम्या खोक्यात ठेवली असं सांगतात. मग सोळा फूट बाय सोळा फुटांची एक लाकडी खोली बांधून घेतली आणि आत कोळशाची शेगडी पेटवली. अठरा आठवड्यांनी पाचशेतली ३८७ शिल्लक होती, प्रत्येकी साधारण दोन पौंडांची. पौंडाला ६२ सेंट भावाने ती विकली गेली. पुढच्या वर्षी तिने मुद्दाम हजार पिल्लं मागवली आणि १९२६ मध्ये दहा हजार पक्ष्यांचं शेड उभं केलं. तोपर्यंत कोंबडीचं मांस हा अंड्यांच्या धंद्यातला वरकड माल होता, जादा नर आणि म्हाताऱ्या माद्या कापायच्या. फक्त खाण्यासाठी, एका वयाची पिल्लं एका छपराखाली वाढवायची ही रीत त्या चुकलेल्या ऑर्डरीतून डेल्मार्व्हात पसरली. ती खोली आज डोव्हरच्या कृषी संग्रहालयात आहे आणि १९७४ पासून तिची नोंद अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत आहे.

पाचशेतली ११३ गेली, म्हणजे मरतूक साडेबावीस टक्क्यांच्या वर. आज आमच्या शेडवर एवढी झाली तर कंपनी पुढची बॅच देणार नाही. पण त्या काळी हा आकडा फार वाईट नव्हता. अमेरिकेतल्या कोंबडी उद्योगाच्या संघटनेने गेल्या शंभर वर्षांचा तक्ता ठेवलाय. त्यात १९२५ ची सरासरी मरतूक १८ टक्के आहे, आणि पक्षी ११२ दिवसांत अडीच पौंडांचा व्हायचा.

सेसिलबाईंच्या खोलीचं काम एकच होतं, ऊब. पहिले दहा-बारा दिवस पिल्लू स्वतःच्या अंगाचं तापमान राखू शकत नाही. पहिल्या दिवशी त्याला ३२-३३ अंश लागतात. आमच्याकडे हे खातं आईचं. पिल्लं आली की त्या रात्री ती शेडवरच झोपते. तुसावर कागद अंथरलेला, भोवती पत्र्याचं गोल कडं, वर बल्ब. ती थर्मामीटरकडे बघत नाही, पिल्लांच्या नक्षीकडे बघते. बल्बखाली गोळा झाली तर थंडी वाजतेय, कड्याला चिकटली तर उकडतंय, सगळीकडे सारखी विखुरली तर ठीक. मधूनच एखादं पिल्लू उचलून त्याचे पाय स्वतःच्या गालाला लावते. पाय गार लागले की आणखी एक बल्ब. मी सेन्सरचा डेटा वाचून पोट भरते, पण इतका कमी खर्चाचा आणि इतका अचूक सेन्सर माझ्या बघण्यात नाही.

ऊब पुरेशी नव्हती, हेही तेव्हाच कळत होतं. हिवाळाभर घरात कोंडलेली पिल्लं पायातलं बळ जाऊन कोलमडत. विस्कॉन्सिन विद्यापीठात हार्ट, हॅल्पिन आणि स्टीनबॉक यांनी १९२२-२३ च्या सुमारास दाखवून दिलं की ही पिल्लं उन्हात सोडली किंवा त्यांना कॉड लिव्हर ऑइल दिलं तर पाय धडधाकट राहतात. कमतरता ड जीवनसत्त्वाची होती. खिडकीची काच ऊन आत घेते, पण ज्या किरणांनी अंगात हे जीवनसत्त्व तयार होतं ते बाहेरच अडवते. खाद्यात माशाचं तेल आलं आणि बारा महिने छपराखाली कोंबडी वाढवणं शक्य झालं. पहिलं बंद घर शक्य झालं ते सुतारामुळे नाही, एका बाटलीमुळे.

*

घराच्या जमिनीचा प्रश्न यापेक्षा गमतीशीर आहे.

एका जागी हजारो पिल्लं म्हणजे त्यांची विष्ठाही तिथेच. त्यातून कॉक्सिडिओसिस होतो, आपण ज्याला रक्ती हगवण म्हणतो. साधा तर्क असा की पिल्लांना विष्ठेपासून तोडा. जाळीच्या जमिनीवर ठेवा, नाहीतर दर थोड्या दिवसांनी सगळं तूस काढून जमीन धुऊन घ्या. हा तर्क बरीच वर्षं चालला. मग १९४० च्या दशकात ओहायोच्या कृषी संशोधन केंद्रात केनार्ड आणि चेंबरलिन यांनी उलट करून पाहिलं. तूस काढायचंच नाही, जुन्यावर नवं टाकत जायचं. आपण ज्याला गादी पद्धत म्हणतो ती ही. या जुन्या, मुरलेल्या गादीवरची पिल्लं जास्त जगली आणि जास्त वाढली. त्या गादीत जंतू कुजवण्याचं काम करत होते आणि कुजताना असं काहीतरी तयार होत होतं जे स्वस्तातल्या, शाकाहारी खाद्यात नव्हतं. पिल्लं गादी टोचत तेच खात होती. १९४८ साली ब-१२ जीवनसत्त्व वेगळं काढण्यात आलं आणि त्या 'काहीतरी'ला नाव मिळालं. त्याच वर्षी रक्ती हगवणीवरचं सल्फाक्विनोक्सालिन हे औषध खाद्यात मिसळून मिळायला लागलं.

म्हणजे घाण वाटणारी जमीन काही काळ खाद्याची उणीव भरून काढत होती. ब-१२ खाद्याच्या पोत्यात आल्यावर गादीचं ते काम संपलं, पण गादी राहिली. पुढे १९६० आणि ७० च्या दशकांत ब्रॉयलर पिंजऱ्यात वाढवायचे प्रयोग झाले. अंड्यांच्या कोंबड्यांना पिंजरा चालतो, मग हिला का नको? पण हा पक्षी जड, त्यात बसून राहणारा. तारेवर बसून छातीला फोड यायचे, हाडं ठिसूळ व्हायची, पाय वाकायचे. बहुतेक देशांनी तो नाद सोडला. चीनमध्ये मात्र आज मजल्यावर मजले रचलेल्या पिंजऱ्यांत ब्रॉयलर वाढतात. आमच्याकडे भाताचं तूस, दर बॅचला नवीन. जुनं द्राक्षवाले खत म्हणून उचलतात. अमेरिकेत एकच गादी अनेक बॅच चालवतात. ती ओली झाली की अमोनिया सुटतो, डोळे चुरचुरतात, पक्ष्यांचे तळपाय भाजल्यासारखे काळे पडतात. पावसाळ्यात सकाळी पडदे उघडायला मी जायचे तेव्हा पहिला श्वास रोखून धरायचे. पक्ष्यांना ती सोय नव्हती.

*

१९४८ साली डेलावेअरमध्ये एक स्पर्धा झाली. 'उद्याची कोंबडी' असं तिचं नाव. ए अँड पी या किराणा दुकानांच्या साखळीने पैसा घातला होता. रुंद छातीचा, लवकर भरणारा पक्षी कोण पैदा करतो ते बघायचं होतं. देशभरातून निवडलेल्या ४० पैदासकारांची अंडी आली, ती एकत्र उबवली आणि पिल्लं बारा आठवडे सारख्याच घरात, सारख्याच खाद्यावर वाढवली. कॅलिफोर्नियाच्या चार्ल्स व्हॅन्ट्रेसचा कॉर्निश आणि न्यू हँपशायर यांचा संकर जिंकला.

प्रयोग म्हणून हे अगदी चोख आहे. एक गोष्ट बदलायची, बाकी सगळं स्थिर ठेवायचं. आम्हीही सॉफ्टवेअरच्या दोन आवृत्त्या अशाच तपासतो. पण पुढची सत्तर वर्षं निवड होत राहिली ती 'त्या घरात कोण जास्त वाढतो' या एकाच कसोटीवर. घर स्थिर धरून पक्षी निवडत गेलं की काही पिढ्यांनी असा पक्षी तयार होतो जो त्या घराबाहेर जगूच शकत नाही.

तो किती बदलला याचं मोजमाप कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने केलंय. त्यांनी १९५७ आणि १९७८ च्या कोंबड्यांचे वंश जतन करून ठेवले होते. त्यांच्या शेजारी २००५ चा बाजारातला पक्षी ठेवून तिघांना एकच खाद्य दिलं. छप्पन दिवसांनी वजनं होती ९०५ ग्रॅम, १८०८ ग्रॅम आणि ४२०२ ग्रॅम. घर तेच, खाद्य तेच.

आता उष्णतेचा हिशोब. दोन किलोची कोंबडी सतत साधारण १५ ते १८ वॅट उष्णता बाहेर टाकत असते. आमचे पाच हजार पक्षी विक्रीच्या वयाला आले की शेडमध्ये ८० किलोवॅटच्या आसपास उष्णता तयार होते. घरगुती वापराचे दोन किलोवॅटचे चाळीस गीझर पत्र्याखाली दिवसरात्र चालू आहेत असं समजा. जो पक्षी रोज जास्त खातो आणि जास्त वाढतो तो जास्त तापतो. आई म्हणाली ते हेच होतं. त्या दुपारी भरलेले पक्षी गेले कारण त्यांची स्वतःची भट्टी मोठी होती.

त्यामुळे घराचं काम सुरुवातीच्या अगदी उलट झालं. सेसिलबाईंच्या खोलीला ऊब धरून ठेवायची होती. आता पहिले दोन आठवडे सोडले तर ऊब बाहेर फेकणं हेच मुख्य काम. अमेरिकेत हा धंदा दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिणेकडे, जॉर्जिया, अलाबामा, अर्कान्सासकडे सरकला. तिथे हिवाळा सौम्य, घरं स्वस्तात होत. बाजूला भिंतीऐवजी पडदे लावले की भागायचं. आमच्या शेडचे पडदे त्यांचेच वंशज. पण तिथला उन्हाळा आणि फुगत चाललेला पक्षी यांचं जमेना. आधी छताला पंखे, मग फॉगर, आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून बोगद्याची युक्ती. घर बंद करायचं आणि एका टोकाचे पंखे लावून सगळी हवा लांबीच्या दिशेने ओढायची, सेकंदाला अडीच-तीन मीटर वेगाने. हवेचं तापमान तेच राहिलं तरी वाऱ्याने पक्ष्याला ते बरंच कमी वाटतं. मग हवा आत येते तिथे ओले पॅड.

हे पॅड म्हणजे आपला वाळ्याचा पडदाच, आणि त्याची मर्यादाही तीच. मे महिन्यात मराठवाड्यात ४२ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर चांगला पॅड हवा साडेअठ्ठावीस अंशांपर्यंत उतरवतो. कोकणात ३४ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल, तर तोच पॅड फक्त तीन अंश उतरवतो, आणि आत येणारी हवा इतकी दमट असते की तिच्यात धापा टाकूनही उपयोग नाही. सिन्नर बहुतेक उन्हाळा पहिल्या प्रकारात मोडतं. सुपरवायझर म्हणतो ते इथवर खरं आहे.

*

यानंतर मी त्या अमेरिकन तक्त्याकडे परत गेले आणि तिथे थबकले. मरतूक १९२५ मध्ये १८ टक्के, १९४० मध्ये १२, १९५५ मध्ये ७, १९७५ मध्ये ५. इथवर उतार सरळ आहे. लस, औषधं, खाद्य आणि घर यांचा हा मिळून परिणाम. पण त्यानंतर? २००० मध्ये ५. अलीकडच्या वर्षांतही पाचाच्याच आसपास. ज्या काळात बोगद्याची घरं आली, पॅड आले, कंट्रोलर आले, नेमक्या त्याच काळात मरतूक जवळजवळ जागची हललेली नाही. पक्ष्याचं वजन मात्र पावणेचार पौंडांवरून सव्वासहाच्या पुढे गेलं, तेही कमी दिवसांत.

आमच्या क्षेत्रात याला नाव आहे. स्विस संगणकशास्त्रज्ञ निक्लॉस विर्थ यांनी १९९५ साली तक्रार केली होती की हार्डवेअर जितकं जलद होतं त्याहून झपाट्याने सॉफ्टवेअर मंद होतं. नवा फोन घेतला तरी अ‍ॅप उघडायला तेवढाच वेळ लागतो, कारण मिळालेली ताकद कुणीतरी आधीच खर्चून टाकलेली असते. घराने दिलेली प्रत्येक सोय अशीच वाढीत खर्च झाली. घर सुधारलं म्हणून कमी मेले असं ७५ नंतर फारसं झालेलं दिसत नाही. घर सुधारलं म्हणून जास्त तापट पक्षी तेवढ्याच मरतुकीत पोसता आला. चांगलं घर ही त्या पक्ष्याची चैन नाही, किमान गरज झाली.

याचा अर्थ घराने फरक पडत नाही असा मात्र नाही. उलट, तो किती पडतो हे ऑक्सफर्डच्या मरियन डॉकिन्स यांनी दाखवलं. ब्रिटन आणि डेन्मार्कमधल्या दहा मोठ्या उत्पादकांना त्यांनी तयार केलं आणि चालू धंद्यातल्याच शेडमध्ये वेगवेगळ्या दाटीने पक्षी ठेवले, चौरस मीटरला ३० किलोंपासून ४६ किलोंपर्यंत. एकूण सत्तावीस लाख पक्षी. २००४ मध्ये 'नेचर'मध्ये निकाल छापून आला. फार दाटीत वाढ मंदावते, चालणं बिघडतं, धक्काबुक्की वाढते हे खरं. पण कोण जगतो आणि कसा जगतो हे दाटीपेक्षा त्या त्या घरातलं तापमान, आर्द्रता आणि गादी यांवर जास्त ठरत होतं. सारख्याच दाटीत एका मालकाचे पक्षी ठणठणीत आणि दुसऱ्याचे खराब.

युरोपीय संघाने २००७ च्या नियमांत ही गोष्ट थेट सूत्रात बसवली. चौरस मीटरला ३३ किलो ही मूळ मर्यादा. हवा, अमोनिया, तापमान राखून दाखवलं तर ३९. आणि ४२ पर्यंत जायचं असेल तर लागोपाठ किमान सात बॅचची मरतूक एका टक्क्यात, पक्ष्याच्या वयाच्या दर दिवसाला ०.०६ टक्का मिळवून येणाऱ्या आकड्याच्या आत हवी. चाळीस दिवसांच्या पक्ष्याला ३.४ टक्के. मला हे सूत्र आवडलं, आणि खटकलंही. कमी मेले याचं बक्षीस काय, तर आणखी दाटी करायची परवानगी. पुन्हा तेच, शिल्लक राहिलं की भरून टाका.

*

भारतात सरकारने मुंबईत आरे इथे आणि आणखी काही शहरांत मध्यवर्ती कुक्कुट पैदास केंद्रं काढली ती १९५९ साली. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, पुढे पुणे हे या धंद्याचं मोठं केंद्र झालं. परदेशी वंशाचे ब्रॉयलर इथे वाढायला लागले आणि घर मात्र आपलं राहिलं. ते घर हुशार होतं, हे सांगायला हवं. लांबी पूर्व-पश्चिम, म्हणजे ऊन बाजूने आत येत नाही. रुंदी तीस फुटांच्या आत, म्हणजे वारा आरपार जातो. पाख चार फूट बाहेर. उन्हाळ्यात पत्र्यावर चुना आणि उसाचं पाचट. दुपारी खाद्याची भांडी वर उचलायची, कारण भरल्या पोटी पक्षी जास्त तापतो. रात्री गारव्यात खाऊ द्यायचं. एका पक्ष्याला एक चौरस फूट. वीज लागते ती बल्बला आणि फॉगरला. हे घर ज्या पक्ष्यासाठी होतं तो तेव्हा सात-आठ आठवडे घ्यायचा.

१९९० च्या सुमारास तमिळनाडूच्या कोइंबतूर पट्ट्यातून करार पद्धत पसरली, मग आपल्याकडे आली. जॉर्जियात जेसी जुएलने तीसच्या दशकात पिल्लं आणि खाद्य उधारीवर द्यायला सुरुवात केली होती, तिचंच हे पुढचं रूप. कंपनी पिल्लं, खाद्य, औषध देते. शेतकरी शेड, तूस, वीज, मजुरी देतो आणि किलोमागे वाढणावळ घेतो. बाजारभाव पडला तरी वाढणावळ ठरलेली, ही मोठी सोय आहे. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला आणि चिकनचे भाव कोसळले, तेव्हा ज्यांचे पक्षी स्वतःचे होते त्यांचं काय झालं हे अण्णांनी जवळून पाहिलंय. करारात ते आले त्यानंतरच.

पण या वाटणीत एक गोष्ट दडली आहे. पक्षी कंपनीचा, घर आमचं. पक्षी बदलतो तो दूर कुठल्यातरी पैदास केंद्रात, दर वर्षी थोडा थोडा, आणि आमच्या शेडवर येतो तेव्हा त्याच पिवळ्या गोळ्यासारखा दिसतो. तीस वर्षांपूर्वीचं शेड त्याला पुरत नाही हे कळतं ते एप्रिलमधल्या एखाद्या दुपारी. मग घर बदला म्हणतात, आणि घराचं कर्ज आमच्या सातबाऱ्यावर.

ईसीत तेवढ्याच पाच हजार चौरस फुटांत साडेसात हजार पक्षी बसतात. हप्ता फिटायचा तर बसवावेच लागतात. मी त्या बंद शेडची हवा मोजली आणि पंखे बंद पडले तर काय, ते गणित केलं. साडेसात हजार भरलेले पक्षी, १२० किलोवॅट. त्यातली निम्मीच उष्णता हवा तापवते असं धरलं, तरी कागदावर दर वीस-पंचवीस सेकंदांना एक अंश. भिंती आणि जमीन थोडी शोषून घेतील म्हणून प्रत्यक्षात जरा सावकाश. उघड्या शेडने २०१९ मध्ये आम्हाला साडेतीन तास दिले होते. पाइप घेऊन फिरायला, पक्षी उठवायला, हरायला. बंद शेड पंधरा-वीस मिनिटं देईल, तेवढ्यात जनरेटर लागला पाहिजे. तो आपोआप लागणारा हवा, दुसरा राखीव हवा, आणि मध्यरात्री अलार्म वाजल्यावर शेडपासून दोन मिनिटांवर कुणीतरी हवं. अण्णा एकसष्ट वर्षांचे आहेत. मी पुण्यात असते.

शीटमध्ये मी मरतुकीचे दोन रकाने केले. एक रोजचा, ज्यात ईसी सरळ जिंकतं. दुसरा एका वाईट दिवसाचा. दुसऱ्यात ईसीसमोर आकडा टाकायचा तर तो एकतर शून्य आहे किंवा साडेसात हजार. मधलं काही नाही.

अण्णांनी लॅपटॉपकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, यंदा राहू दे. उन्हाळ्यात पाचऐवजी चार हजारच टाकू, चार मोठे पंखे आणि एक छोटा जनरेटर घेऊ. कंपनीला आवडणार नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. पुढच्या वर्षी हाच विषय परत निघणार, हेही.

संध्याकाळी पडदे ओढायला आम्ही शेडवर गेलो. मी त्यांना फोनवर सेसिलबाईंच्या खोलीचा फोटो दाखवला आणि सगळी गोष्ट सांगितली. पन्नासच्या जागी पाचशे, कोळशाची शेगडी, ११३ गेली, ६२ सेंटचा भाव.

"तोटा नाही झाला?" त्यांनी विचारलं.

"नाही. पुढच्या वर्षी दुप्पट पिल्लं घेतली तिने."

अण्णांनी दोरी कप्पीवरून ओढली, पडदा अर्ध्यावर आला.

"पक्षी तिचे स्वतःचे होते का?"

"हो."

"हां," ते म्हणाले, आणि दोरी खुंटीला बांधून दुसऱ्या बाजूला गेले.